घोळणा आणि गाडीची चावी

५ जाने., सोम.
सकाळी व्हॅन पुसताना घोळणा फुटला. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. ओढणी रक्तानं गेली. सासूबाईंनी मान मागे करून निजवलं, डोक्यावर पाणी, नाकाशी कांदा. "नसीम, अंगात उष्णता हाय तुझ्या. आगळ पी." कोकमाचं आगळ, मोठा पेला. रक्त घशात उतरलेलं, ओकारी आली. तरी ७.१० ला नाते गाव गाठलं. नऊच्या नऊ पोरी वेळेत महाडच्या शाळेत. चार वर्षांत एक खाडा नाही, तो काय घोळण्यापायी करू?

९ जाने.
दुकानात रांगेत चक्कर. शेजारची फरीदा: "बीपी लो झालं असंल. मीठ-साखरेचं पाणी घे." घेतलं. मोजलं कुणीच नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाईला काहीही होवो, सगळ्यांचं उत्तर तयार, पाळी जायची वेळ हाय. पुरुषाच्या नाकातून रक्त आलं तर त्याचं काय जायची वेळ असते, ते एकदा विचारणार आहे.

११ जाने., रवि.
सासूबाईंचे दुखरे गुडघे घेऊन सव गावी, गरम झऱ्यावर. कुंडाच्या गरम पाण्यात मीही बसले. बाहेर आले तो डोळ्यांपुढे अंधार, नाक सुरू. उष्णतेचा पुरावाच मिळाला त्यांना. आगळ आता दोन वेळा. खारट-आंबट, आवडतं मला, खोटं कशाला लिहू.

१३ जाने.
लिहू की नको.
दुपारी पोरींना सोडायला जाताना नात्याच्या अलीकडच्या वळणावर रस्ता डावीकडे कलला. रस्ता कसला, मीच. ब्रेक, हँडब्रेक, कडेला. मागे गाणं चालू. सानिया, सहावीतली: "मावशी, हितं कोन उतरत नाय." टायर बघते म्हटलं. उतरून टायरपाशी बसले. चार हातांवर ओढ्याची घळ. दहा मिनिटांनी निघाले, दुसऱ्या गियरवर. घरी सांगितलं नाही. स्वतःला शिव्या घातल्या, मनापासून.

१४ जाने.
संक्रांतीची सुट्टी. एकटीच डॉक्टरबाईंकडे. पट्टा दोनदा बांधला. १८६/११०. लो म्हणे.
"खारट काय काय खाता?" सुकट, पापड. "आणखी?" आगळ सांगितलं, मीठ-साखरेचं पाणीही. बाईंनी पेन खाली ठेवलं. "आगळ मिठातच टिकवतात ना? मग रोज मीठच पिताय तुम्ही." मे महिन्यात मीच भरलंय ते, मुठीमुठीनं मीठ घालून. आणि थंडावा म्हणून प्यायले. अक्कल कुठे चरायला गेली होती.
सगळं बीपीमुळेच, असं बाई म्हणाल्या नाहीत. थंडीत नाक कोरडं पडतं, बारीक शीर फुटते, बीपी असलं की रक्त लवकर थांबत नाही. चक्कर अंगात रक्त कमी असल्यानंही येते. तपासण्या दिल्यात. पुढच्या वेळी मान पुढे, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं दाबून धरायचा. गोळी रोज. गाडी? "मी सांगेपर्यंत नाही."

१५ जाने.
यांचा दोह्याहून फोन. "इकून टाक गाडी. कशाला हवाय हा ताप?" चार वर्षांपूर्वी घेतली तेव्हाही हेच. तेव्हा मी बाई होते, आता बीपीवाली. म्हटलं, "बीपी तुमाला पन हाय. क्रेन चालवायची सोडलीत?"
गाडी विकणार नाही. पोलादपूरची भाची सलमा चालवेल, लायसन्स आहे तिचं. मी शेजारी बसणार.

१९ जाने.
सलमा ब्रेक उशिरा मारते. माझे दोन्ही पाय आपोआप खाली दाबले जातात. अळणी आमटी, चव नाही, पण मी खाते. सासूबाईंनी आगळाच्या बाटल्या आत ठेवल्या आणि रडल्या. "माज्या हातानं पाजलं गो तुला." म्हटलं, मी काय तोंड मिटून प्याले? आवडीनंच प्याले.

२३ जाने., शुक्र.
१४८/९४. हिमोग्लोबिन साडेनऊ, म्हणजे चक्करेचं दुसरं कारणही सापडलं. लोहाच्या गोळ्या. मधल्या दिवसांत घोळणा एकदाच, मान पुढे घेतली, थांबला. "आता चालवू?" "अजून नाही."
संध्याकाळी सानियाची आई व्हॅनपाशी आली. "सोमवारपास्नं तुमीच ना? पोरी वाट बघत्यात."
हो म्हणायला तोंड उघडलं आणि सगळंच सांगून बसले. बीपी, गोळ्या, आणि ते वळणही. टायर ठीक होता, मी ठीक नव्हते. तिचा चेहरा उतरला. "आधी का नाय सांगितलंत?" "घरात इचारते," म्हणाली. रात्रीपर्यंत नाते गावात सगळ्या घरी पोहोचेल.
पोहोचू दे. लपवून चावी हातात ठेवायची, तर ती माझी कमाई नाही. पण भीक मागायलाही जाणार नाही कुणाच्या दारात.
सोमवारी झेंडावंदन, लवकर निघायचं. सलमाला साडेसहा सांगितलंय. किती पोरी चढतात बघू. एक चढली तरी गाडी सुटणार.