नकाशावरचं रिकामं घर

प्रिय मिसुझुताई,

कुठून सुरू करू, डोकंच चालत नाही. आम्ही बरे आहोत. सोताला दोन दात आलेत, चावतो मेला. नागासाकीत आहे मी, डोंगरावर, नुसत्या पायऱ्यांच्या गल्लीत. सायकलसुद्धा वर येत नाही, म्हणूनच हे घर भाड्यानं घेतलं. खिडक्यांच्या फळ्या बंदच ठेवते, कपडे आतच वाळत घालते. टपालपेटीला चिकटपट्टी मारलीय, इथं रिकाम्या घराला मारतात तशी. सोताचा बाप शोधत आलाच, तर बघून पुढं निघून जावा, एवढंच.

मागच्या आठवड्यात शाळेची मोठी पोरं आली, भूगोलासाठी गल्लीचा नकाशा करायला. एकेक घर बघत कागदावर रंग भरत होती. माझ्या दाराशी थांबली. मी सोताला छातीशी धरून फळीमागं उभी. एक पोरगी म्हणाली, "पेटीला पट्टी आहे, रिकामं लिही." पोरगा म्हणाला, "अगं, मीटर फिरतोय की!" "मग भूत राहत असेल. त्याला नको का फ्रिज?" हसत गेली सगळी. मलाही हसू आलं, आणि मग सोताला घेऊन तिथंच फळीमागं बसून राहिले. का, ते कळेना. मला हेच तर हवं होतं ना?

काल खाली तांदूळ आणायला गेले, तर दुकानाबाहेर त्यांचा नकाशा लावलेला. माणसं राहतात ती घरं पिवळी, रिकामी ती राखाडी. माझं राखाडी. दुकानदार म्हणाला, "बरं झालं बाबा. वादळात दरड आली तर कुठं हाका मारायच्या ते कळेल." तीच पोरगी तिथं होती. "ताई, काही चुकलंय का? तुमचं घर कुठलं?" मी तांदळाची पिशवी उचलली. मागून शेजारच्या इवानागा आजी म्हणाल्या, "ती माझ्याकडं आलीय. तू आपलं पुढचं बघ, पोरी." त्यांच्याशी मी कधी एक शब्द बोललेली नाही, ताई! पायऱ्या चढताना हळूच म्हणाल्या, "भिंती पातळ आहेत गं. तुझं बाळ रडतं तेव्हा काही नाही, गप्प झालं की माझा जीव खालीवर होतो. रंग तुझा तू ठरव. उद्या दुपारी पोरगी नकाशा पक्का करून नेणार आहे."

पिवळं केलं तर वाटतं तो बघेल. राखाडी ठेवलं तर दरडीत सोताला हाक कोण मारणार? घडीत असं वाटतं, घडीत तसं. सकाळी निघाले आणि दारातूनच परत आले. तो तुझ्या दारात येऊन बसतो, मला ठाऊक आहे, म्हणून तुलाही कळवलं नव्हतं. पण परक्या पोरीला सांगायच्या आधी आपल्या एका माणसाला तरी कळावं, की आम्ही इथं राहतो. म्हणून लिहिलं. पत्ता मागं आहे. पाठ कर आणि फाडून टाक. आता खाली जाते, ती पोरगी जायच्या आत.

तुझीच, अजून घाबरलेली,
चिनात्सु