साबणावरचा अंगठा

प्रिय वनमाला,

मांजरसुंब्याच्या ढाब्यावर तुझ्या हातची भाकरी खाऊन आलेले लोक इथं धारूरला येऊन तोंडभरून सांगतात. त्यावरून तू बरी आहेस असं धरून चालते. आम्हीही बरे आहोत. थंडी चांगली पडली आहे, तुरी शेंगांनी लवल्या आहेत. बातमी आहे ती तुझ्या बिभीषणदादाच्या मळणीयंत्राची. दादा गेल्यापासून यंत्र गोठ्याशेजारी उभंच होतं.

मागच्या महिन्यात तुझ्या थोरल्या चुलतभावानं, भगवानअण्णांनी, नांदूरघाटच्या बंकटरावांना यंत्र विकायला म्हणून दाखवलं. इंजिन बघून बंकटराव हसले. डिझेलच्या पाइपच्या प्रत्येक जोडावर साबण थापलेला, तरी खाली थेंब पडत होते. हे भंगारातच जाणार, असं ते म्हणाले आणि अण्णा लगेच तयार झाले. अण्णांचं मन वाईट नाही. बाईमाणूस इंजिन ठेवून करणार काय, एवढंच त्यांचं म्हणणं. मी थोडी मुदत मागितली. द्यायचंच तर कोरडं करून देईन, म्हटलं.

तुला आठवतं ना, तुझ्या दादाकडे गळतीवर औषध एकच, अंगाचा साबण. मळणीची रास ऐन रंगात असताना जोड गळायला लागला की न्हाणीतली चंदनाची वडी उचलून न्यायचे, अंगठ्यानं जोडाच्या आट्यांत दाबायचे, आणि इंजिन पुन्हा धडधडायला लागायचं. संध्याकाळी अंग धुवायला वडी नसायची आणि सगळ्या वावराला चंदनाचा वास.

तो साबण खरवडायला बसले आणि हात थांबला. एका जोडावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा होता. वाळून दगड झालेला, रेघ न् रेघ दिसणारा. काही दिवस मी इंजिनाकडे फिरकलेच नाही. मग ती खपली सुरीनं अलगद सोडवली आणि काड्यापेटीत ठेवली.

पहिल्यांदा मी फसलेच. नळाला गुंडाळतात ती पांढरी पट्टी आट्यांच्या पार टोकापर्यंत गुंडाळली. गळती थांबली, पण पट्टीचे तुकडे आत जाऊन पाइप तुंबला आणि इंजिन आचके देऊन बंद पडलं. आता दुसरं काही आणावं तर अण्णांचं एकच, नुसतं आवळ. नुसतं आवळून काय होणार? जोडाचं पितळ चिरतं. मी सगळं सोडलं, पाइप फुंकून मोकळा केला, आटे तारेच्या ब्रशनं घासून कोरडे केले. बाजारातून जोड बंद करायचं शेलॅक आणलं, काकवीसारखं दाट. आत जाणारे पुढचे दोन आटे कोरे सोडून मागच्यांना बोटानं लावलं, बेतानं आवळलं, वाळू दिलं, पाइपातली हवा काढली. इंजिन सुरू करून खाली वर्तमानपत्र अंथरलं. दुपार झाली तरी त्यावर डाग नाही.

बंकटराव पुन्हा आले. जोडांवरून बोट फिरवलं, कोरडंच निघालं. आता भंगाराची भाषा नव्हती, चांगला भाव द्यायला तयार होते. मग सहजच त्यांनी विचारलं, "वैनी, गळत न्हाई तर इकता कावून?"

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "इकत न्हाई."

अण्णा रुसून उठून गेले. पण अंधार पडायच्या आत यंत्रावर ताडपत्री टाकली ती त्यांनीच.

तेरावं उरकून निघताना तू म्हणाली होतीस, भाऊ गेला, आता माहेर कसलं. त्याचं उत्तर आज लिहिते आहे. संक्रांत झाली की तुरीची रास सुरू होईल. यंत्र येईल का, असं लोक आत्ताच विचारून जातात. एकीनं इंजिनापाशी राहायचं, एकीनं यंत्राच्या तोंडात माल घालायचा. मजूर मिळतील, पण मला मजूर नको आहे. तुझी खोली झाडून ठेवली आहे, आणि मिळेल ते दोघींचं. काड्यापेटी मी देव्हाऱ्यात नाही ठेवली, पान्यांच्या डब्यात आहे. आलीस की दाखवीन. येताना चंदनाच्या साबणाची एक वडी आण. या खेपेला अंग धुवायला.

तुझीच,
उज्ज्वलावहिनी