कोरडं वजन

१४ मार्च

प्रिय खारू,

दीड वर्षात तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण डायरी समोरच आहे आणि तिचं रोजचं पान भरलेलं आहे; तेव्हा ती थाप चालायची नाही. फोनवर आपण दोघं आईच्या गुडघ्यांवर बोलून वेळ मारून नेतो. परवा तीच म्हणाली, माझे गुडघे बरे झाले तर तुम्ही बोलणार तरी काय?

तुझं काम दोराला लटकून पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करण्याचं. माझं काम त्याच पात्यांवरच्या लेपाचे वीतभर नमुने बंद खोलीत गरागरा फिरवून त्यांच्यावर पाण्याचे थेंब सोडण्याचं. गेल्या वर्षापासून पाच देशांतल्या पाच प्रयोगशाळा हे मिळून करताहेत. लेप एकाच डब्यातला, थेंब एकाच मापाचे, वेगही एकच. पावसानं पात्याची कड किती झिजते याचं उत्तर सगळीकडे सारखं यायला हवं होतं. आली मात्र पाच उत्तरं. त्यात आमच्याकडे झीज सर्वांत कमी आणि आकडे सर्वांत नेटके. समन्वयक बाईंनी कौतुक केलं, आमचीच पद्धत सगळ्यांनी उचलावी असं ठरत आलं, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले.

मग मला ताप आला. यंत्रातून काढलेला एक नमुना, वजन करून झाल्यावर, चार दिवस तसाच कपाटात राहिला. परत आल्यावर सवयीनं पुन्हा काट्यावर ठेवला. आधी त्याची झीज बारा मिलिग्रॅम होती, आता चाळीस. मी काटा पुसला, तपासला, तीनदा वजन केलं. चाळीसच. कपाटात काही पाऊस पडत नाही. म्हणजे झीज पहिल्यापासूनच चाळीस होती. लेप पाणी पिऊन बसला होता आणि त्या पाण्याचं वजन झीज झाकत होतं. नमुना काढल्यापासून पाच मिनिटांत वजन व्हायलाच हवं, त्यावर धूळ बसता कामा नये, हा नियम माझा. मीच लिहिलेला, मीच चौकट घालून भिंतीवर लावलेला. माझ्या काटेकोरपणानंच घात केला.

त्या चौकटीसमोर उभी असताना मला तू आठवलास. चार वर्षांपूर्वी आमच्या बैठकीला तू आला होतास, हेल्मेट मांडीवर घेऊन, तळहातांवर दोराचे वळ. तू म्हणालास, “ताई, लेप झिजायच्या आधी फुगतो. खूप वेळ कपडे धुतल्यावर बोटं होतात ना, तसं.” दोघं-तिघं हसले. मी हसले नाही. मी त्याहून वाईट केलं. आपलाच भाऊ म्हणून झुकतं माप द्यायचं नाही, या हट्टापायी सगळ्यांदेखत म्हणाले, “नुसतं डोळ्यांनी पाहिलेलं हे मोजमाप नसतं.” तू मान डोलावलीस, चहा अर्धा ठेवलास आणि गेलास. त्या दिवसाचं पान काल काढलं. लिहिलंय: खारू भाबडा आहे, त्याला समजावायला हवं. ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

परवा पाचही प्रयोगशाळांच्या बैठकीत मी सगळं सांगून टाकलं. आमचे आकडे रद्द करा म्हटलं. आता यातून आपली गच्छंती, असं धरूनच चालले होते. मग पडद्यावरचे एक म्हातारे संशोधक घसा खाकरून म्हणाले की आम्हीही ओलंच तोलतो. पाठोपाठ आणखी एक जण. संध्याकाळपर्यंत पाचही जणांनी जुने नमुने भट्टीत पुरते वाळवून पुन्हा तोलले, आणि पाचही आकडे पहिल्यांदाच एकमेकांच्या जवळ आले. अरे, लोक चक्क टाळ्या वाजवत होते, आणि कशासाठी, तर लेप आम्हाला वाटला त्याच्या तिप्पट खराब निघाला म्हणून! आता नवी पद्धत बसवायची आहे, आणि वेळेवर समजल्याचा आनंद अजून माझ्या मनात मावत नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. बैठकीच्या शेवटी समन्वयक बाईंनी विचारलं, लेप पाणी पितो हे तुम्हाला सुचलं कसं? मी म्हणाले, एक तंत्रज्ञ पूर्वी बोलला होता. एक तंत्रज्ञ. तेव्हा भाऊ म्हणून तुला दूर सारलं आणि परवा लाजेपोटी तुला बिननावाचा करून टाकलं. त्यांना आता तो तंत्रज्ञ हवा आहे. पुढच्या टप्प्यात पात्यावर जाऊन लेप कधी फुगतो, कधी सुटतो याच्या नोंदी ठेवणारा माणूस म्हणून, आणि शोधनिबंधात नावानिशी. तू नाही म्हणालास तरी मला समजेल. पण तुझा होकार-नकार काही ठरायच्या आत एवढं कबूल करायचं होतं, की तू बरोबर होतास आणि मी तुझं ऐकून घेतलं नाही.

तुझीच,
ताई

डायरीच्या आजच्या पानावर लिहिलंय, उद्याचं काम: समन्वयक बाईंना कळवणे, तो तंत्रज्ञ माझा धाकटा भाऊ आहे.