पाऊल उचलत नाही

१२ नोव्हें. १९६१
काल ढाणकीहून शाळेचे खडू घेऊन येताना सायकलसकट नाल्यात पडलो. उजवा गुडघा दगडावर. वाटी फुटली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आडनाव विचारलं, मग, "छप्पन सालचे का तुम्ही? दीक्षावाले?" हो म्हटलं. ते खुर्चीतून उठले नाहीत. प्लास्टर कंपाउंडरनं घातलं, मांडीपासून घोट्यापर्यंत.

१५ नोव्हें.
वाटी दुखत नाही एवढी. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, प्लास्टर रुतून राह्यलं. नडगीवर मुंग्या. पावलाच्या वरच्या बाजूला बायकोनं, सुमननं, चिमटा काढला. कळलाच नाही.

१६ नोव्हें.
बैलबंडीनं दवाखान्यात गेलतो. अंगठा वर होत नाही, प्लास्टर सैल करा म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, सहन करायला शिका. महिन्यानं या." सुमन म्हणाली, "साहेब, बोटं तं पाहा एकडाव." पाहिली नाहीत.
घरी आल्यावर ती म्हणे, प्लास्टर विळ्यानं कापून टाकू. मी ओरडलो तिच्यावर. डॉक्टरचं काम आहे, तुले काय समजते.

२० डिसें.
प्लास्टर निघालं. वाटी जुळली. पाऊल लोंबतं. चालताना पंजा जमिनीवर फरफटतो. नडगीपुढचं मांस सुकलं. डॉक्टर म्हणतात, "पडतानाच शीर दुखावली असेल."
नाल्यात पडल्या पडल्या मी पायाची सगळी बोटं हलवून पाहिली होती. हलली होती. साक्षीला कोण? नाला.

८ जाने. ६२
यवतमाळला दुसरे डॉक्टर. म्हातारे. पाय मांडीवर घेतला त्यांनी. गुडघ्याखाली बाहेरच्या हाडाच्या टोकावर माझंच बोट ठेवलं. "इथून शीर जाते, कातडीच्या अगदी खालून. पाऊल वर उचलते ती हीच."
"प्लास्टरनं दबली?"
"शक्य आहे."
"लिहून द्याल?"
चष्मा पुसत बसले. "वर्षभर थांबा. ताकद येईल कदाचित." तेवढंच.

२ फेब्रु.
हेडमास्तरांना फिटनेसचा दाखला पाहिजे, तोही पहिल्याच डॉक्टरचा. पाच तारखेपर्यंत. नाहीतर माझ्या जागी दुसरा मास्तर. दवाखान्यात गेलो तर दाखला तयारच होता: 'पडल्यामुळे शीर निकामी, उपचारात कसूर नाही.' खाली माझी सही हवी. कागद घरी आणला.

४ फेब्रु.
सुमनला विचारलं, काय करू?
"मले काहून विचारता? तवा कुठं विचारलं?"
बरोबर आहे तिचं.
सकाळसाठी बंडी सांगून ठेवली. सही करून शाळेत जायचं की दवाखान्यात कागद बिनसहीचा परत करायला, ते गाडीवानाला सांगितलेलं नाही.