पोरीऐवजी पट्टी दाखवली

प्रिय शिवप्रिया,

आधी कल्याणप्पा आले, चपला हातात घेऊन, कारण अंगण नुकतंच सारवलं होतं. मागून त्यांची बायको सिताबाई, अन् शेवटी पोरगा विरेश. त्याला गाडी लावायला सावली पाहिजे होती. भूमचे हे लोक तुला बघायला आले होते. तुला कळवलं न्हाय, कारण प्रयोग सोडून तू पुण्याहून माकणीला येणार न्हाईस, हे मला म्हाईत. पण पाहुणे आले म्हंजे पोरगी दाखवायची रीत. मग म्या तू प्रयोगात रेघा कोरून दिवाळीला दिलेली स्टीलची पट्टीच ताटात ठेवून पुढं केली. आधी चिंचेनं लख्ख घासली. ओरडू नको, रेघा जिथल्या तिथं हायत.

कल्याणप्पांचं भांड्यांचं दुकान, सारा जन्म भांड्यांवर नावं घालण्यात गेलेला. पट्टीवर बोट फिरवून म्हणाले, कोरीच हाय की. विरेशनं मोबाईलमधी मोठं करून दाखवलं, तवा केसाहून बारीक रेघा दिसल्या. म्या म्हणलं, ह्या पाण्यात ठेवून कोरल्यात. त्यांनी विचारलं, पाण्यात कशाला कोरायचं? तू नळाखाली हात धरून समजावलंस तसं सांगितलं. लेझरचा उजेड पाण्यात एका जागी गोळा झाला की ठिणगी पडते, ती धातू खाते. भुकटी नि बुडबुडे वाहतं पाणी घेऊन जातं. पाणी हळू असलं तर बुडबुडे उजेडाला आडवे येतात, लई जोरात असलं तर पाणीच थरथरतं अन् रेघ बिघडते. मधला वेग माझी नात शोधतीया. या नादात चुलीवरचा चहा उतू गेला.

सगळं पसंत पडलं, पण कल्याणप्पा म्हणाले, "माघात लग्न उरकू. शोध राहिला तरी चालतंय."

"तिचं पाणी ठरल्याबिगर आमची तारीख ठरायची न्हाय," म्या म्हणलं.

सिताबाई पदराआड हसल्या. विरेश बापाला म्हणाला, दोन वर्षं थांबू, मला घाई न्हाय. अन् तुझा नंबर मागितला. म्या दिला न्हाय.

पत्र त्यासाठीच. फोनवर आईसमोर तू नुसतं हं हं करतीस, कागदावर खरं लिहितीस. थांबायचं म्या त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. पोरगा पाहिजे का नको, ते तू लिही. नको असला तर त्यांच्या तोंडावर सांगीन, मला काय भ्या हाय. पौर्णिमेनंतरच्या सोमवारी परत येतो म्हणून गेलेत.

तुझीच,
इरम्मा आजी