उजवीकडची सायकल

सोमवार, ४ मार्च

आज आलं — सायकलची घंटी, पितळी, मोठी: पंच्याऐंशी. ब्रेकचे रबर, दोन जोड: चाळीस. तेलाची कुपी: पंधरा. तांदूळ, साबण, काड्यापेट्या नेहमीच्याच दराने. देवाच्या दयेने या महिन्यातही दर चढले नाहीत.

घंटी घरखर्चात धरलेली नाही. वन्संनी आपल्या पैशांतून मागवली. जुनी काय वाईट होती? एवढी मोठी आणून काय शाळा सोडायची आहे! तसं म्हटलं तर हसल्या. "वहिनी, मागच्याला कळायला हवं ना." मागच्याला कशाला? मागचा मागून येतो, त्याने वाजवायची!

ह्यांच्या या थोरल्या बहिणीचं सगळंच असं. लग्न केलं नाही. नोकरी संपल्यावर आमच्याकडे राहायला आल्या त्या दोन ट्रंका आणि एक सायकल घेऊन. मला सायकल त्यांनीच शिकवली, हे मात्र खरं. केस पिकायला लागल्यावर! हे म्हणाले होते, "आता या वयात हाडं मोडून घेऊ नकोस." वन्संनी मागून सीट धरली आणि म्हणाल्या, "तू गप्प बस रे, तिचं बघू नकोस." त्या दिवसापासून बाजार आणि प्रार्थना, दोन्हींना मी माझी जाते. बसचे पैसे वाचतात, ते वेगळंच.

गुरुवार, ७ मार्च

कालव्याकाठची वाट पायी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मिळून आहे, पण तिच्यावर कोण कसं चालतं ते पाहिलं की माणसाची परीक्षा होते.

एकजण हात सोडून चालवतो. हात खिशात! एक कुत्र्याची दोरी हॅंडलला बांधतो, मग कुत्रं जाईल तिकडे मालक. दोघे कारकून वाटेच्या अगदी मधोमध थांबून साहेबाची निंदा करतात. एक बाई फोनवर भांडत भांडत पायडल मारते. भांडण रंगलं की वेग वाढतो. आणि सगळ्यांत वाईट ते घंटी न वाजवता मांजरासारखे उजवीकडून जाणारे. काळीज लक्कन हलतं. पाववाला त्यांतला पहिला. मागे पावांची टोपली, पुढे पावांची टोपली, आणि तोंडाला कुलूप.

पण खरं लिहायचं तर मला जास्त त्रास वन्संचा होतो. परक्याला दोन शब्द सुनवता येतात, घरच्याला काय करणार? त्यांना माझ्या मागे नको, पुढे नको, उजवीकडेच चालायचं असतं. एवढं जवळ की हॅंडलला हॅंडल लागतं. वर ओरडून बोलायचं. आमच्या घरात भाजीला मीठ किती पडलं ते सगळ्या वाटेला कळतं. मध्येच घंटी, मध्येच ब्रेक, मध्येच मागे वळून लोकांना हातवारे. काय ते हातवारे! कानाशी हात नेतात, माझ्याकडे बोट करतात. आज विचारलं तर म्हणाल्या, "ओळखीचे आहेत हो." सगळं जग यांच्या ओळखीचं!

प्रार्थनेला गुरुजी हल्ली फार हळू बोलतात. वय झालं बिचाऱ्यांचं.

शनिवार, ९ मार्च

आज जे बोलले ते लिहायला हात होत नाही. तरी लिहिते.

बाजारातून भरल्या पिशव्या घेऊन येत होतो. पुलाच्या तोंडाशी वन्संनी एकदम ब्रेक दाबला, त्यांचं हॅंडल माझ्यात अडकलं आणि बटाटे सगळ्या वाटेवर. मागे चार-पाच सायकली तुंबल्या. टाय लावलेले एक गृहस्थ म्हणाले, "वाट काय तुम्हाला आंदण मिळाली आहे?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी काय चूक? पण बोलणी मला!

त्या लोकांसमोर मी म्हटलं, "वन्सं, उद्यापासून तुम्ही तुमच्या वेगळ्या जा. जन्मभर दुसऱ्याच्या वाटेत अशाच आडव्या उभ्या राहिलात, आता तरी पुरे करा."

जन्मभर! हा शब्द कुठून आला तोंडात?

वन्सं फक्त "बरं" म्हणाल्या. खाली बसून बटाटे गोळा केले. त्यांच्या डाव्या हाताशी दोन पडले होते, ते तसेच ठेवून उठल्या. मी ते उचलले, आणि तेवढ्यातही मनात आलं, बघा, मुद्दाम ठेवले!

रविवार, १० मार्च

प्रार्थनेत डोळे मिटले पण मन लागलं नाही. वन्संनी नेहमीसारखी माझ्या डावीकडे बसून पुस्तकाचं पान काढून दिलं. मी "थँक्यू" म्हटलं. घरच्या माणसाला थँक्यू! माफी मागायला जीभ उचलत नव्हती, म्हणून परक्याचा शब्द पुढे केला.

मंगळवार, १२ मार्च

वन्सं आज एकट्या गेल्या. मी म्हटल्याप्रमाणे. परत आल्या त्या सायकल हातात धरून चालत. डावा गुडघा सोललेला, डाव्या कोपराला खरचटलेलं, साडीची कड फाटलेली.

"काय झालं?"

"काही नाही. पुलाशी वाळूवरून घसरले."

पुलाच्या तोंडाशी वाळू कुठे आहे? मी हळद लावली. त्यांनी लावून घेतली. त्या वेळी बोलायला हवं होतं. मी काय बोलले? "साडी रफू होईल."

शनिवार, १६ मार्च

वन्सं थोरल्या भावजींकडे गेल्या. जाऊबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, हाताशी कुणी हवं. कारण खरं आहे. तेवढंच आहे असं नाही.

स्टेशनवर हे म्हणाले, "अक्का, लवकर ये." त्या म्हणाल्या, "बघू." मग मला, "वहिनी, सांभाळून चालवा हं. डावी कड सोडू नका." सायकल नेली नाही. बोळात भिंतीला टेकून उभी आहे, नवी घंटी चकाकते आहे.

शुक्रवार, २२ मार्च

एकटीने जाते. जागा पुष्कळ आहे. हॅंडल लागत नाही. मिठाची चर्चा नाही. जे मागितलं ते मिळालं, आणि आता ते घेऊन काय करायचं ते कळत नाही.

एक नवल लिहायचं. वन्सं गेल्यापासून लोकांनी घंटी वाजवणंच सोडलं आहे! पूर्वी एखाद-दुसराच न वाजवता जायचा, आता झाडून सगळे. आज तिघांवर ओरडले. त्यातला एक मागे वळून माझ्याकडे असा बघत होता, जसं मीच काही चुकले.

बुधवार, २७ मार्च

पाववाला उजवीकडून अगदी खेटून आला, मी दचकले, माझं पुढचं चाक त्याच्या टोपलीत. तो पाण्याच्या कडेपर्यंत घसरत गेला. पाव कालव्यात. माझं हॅंडल वाकडं. देवाने दोघांना राखलं.

"बाई, मी तीनदा वाजवली! वर 'सरका, सरका' म्हणून ओरडलो!"

"खोटं बोलता आणि तेही सकाळी, देवाच्या पारी?" मी म्हटलं.

वाटेचा पहारेकरी आला. मी तक्रार सांगितली, ठामपणे सांगितली. पहारेकऱ्याने पाववाल्याला महिनाभर या वाटेवर यायला मनाई केली. आता तो मोठ्या रस्त्याने, ट्रकांच्या गर्दीतून जाणार. जाताना तो रागावला नाही. नुसतंच विचारलं, "त्या दुसऱ्या बाई कुठे गेल्या हो?"

त्याला काय करायच्या आहेत माझ्या नणंदेच्या चौकशा!

सोमवार, १ एप्रिल

वन्संचं पत्र. जाऊबाई काठी धरून चालू लागल्या. सगळे मायेने वागवतात. वन्सं स्वतः विणायला बसतात पण टाके सुटतात. शेवटी लिहिलं आहे, "माझी सायकल विकून टाका, पडून गंजेल. आता ती चालवणं होणार नाही. पैसे घरात वापरा."

ह्यांनी पत्र वाचलं. पेला घासून ठेवलेला पुन्हा घासत बसले.

शिंपीणबाईंना त्यांच्या मुलीसाठी सायकल हवीच होती. दर चांगला देतात. रविवारी येते म्हणाल्या. गंजण्यापेक्षा बरं, असं मी मनाला सांगितलं. मनाने ऐकलं नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

हॅंडल सरळ करायला सायकल दुकानात नेली. वाकडं हॅंडल: तीस. म्हटलं, घंटीही बघा, हल्ली वाजत नाही.

दुकानदार माझ्या उजव्या बाजूला उभा. अंगठा फिरवताना मला दिसला. "झाली का दुरुस्त?" मी विचारलं. त्याने परत अंगठा फिरवला. बाकावर त्याचं मांजर झोपलं होतं, ते ताडकन उठून डब्यामागे पळालं.

मी मांजराकडे बघत राहिले. मग त्याच्याकडे. त्याने घंटी पुसली, सायकल वळवली, दुसऱ्या बाजूला गेला आणि वाजवली.

खणखणीत!

"बाई, घंटी चांगली आहे," तो हळूच म्हणाला. तीस दिले. बसायला स्टूल दिलं त्याने, मी बसले नाही. सायकल हातात धरून घरी चालत आले. चालवायची हिंमत झाली नाही.

तीनदा वाजवली होती त्याने. आणि मी त्याला खोटारडा म्हटलं. देवाचं नाव घेऊन म्हटलं.

शनिवार, ६ एप्रिल

जेवताना ह्यांना विचारलं, डावीकडे बसवून.

"मला उजव्या कानाने ऐकू येत नाही, तुम्हाला माहीत होतं?"

ह्यांनी घास परत ताटात ठेवला. "घरात सगळ्यांनाच माहीत होतं."

"सगळे म्हणजे कोण?"

"मी आणि अक्का. वर्ष होईल आता."

वर्षभर! मी म्हटलं, मग सांगितलं का नाही? म्हणाले, "मी सांगणार होतो. अक्काने गप्प केलं. म्हणाली, कळलं तर ती सायकल सोडेल. एवढ्या उशिरा एक गोष्ट तिची तिला मिळाली आहे, ती काढून घेऊ नकोस. मी चालेन उजवीकडून, मागच्यांना मी आवरेन."

कानाशी हात, माझ्याकडे बोट. मागच्यांना सांगत होत्या — हिला ऐकू येत नाही, थांबा, जपून जा. मोठी घंटीही त्यासाठीच. आणि मी म्हटलं, जन्मभर आडव्या उभ्या राहिलात. हो, राहिल्या. माझ्या आणि मागून येणाऱ्यांच्या मध्ये.

ह्यांनी पाणी पुढे केलं. म्हणाले, "लिही तिला."

बसले लिहायला. चार कागद फाडले. कागद वाया गेल्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही.

रविवार, ७ एप्रिल

शिंपीणबाई पैसे घेऊन आल्या. मी म्हटलं, सायकल विकायची नाही. फणकारल्या, "मग आधी शब्द कशाला दिला? मुलीने सायकलची पूजासुद्धा मांडली मनात!" बरोबर आहे त्यांचं. शब्द माझाच होता. त्यांच्या मुलीला बसच्या पासाचे पैसे देऊ केले, तर आणखी रागावल्या. माणसाने एकदा चुकायला सुरुवात केली की सरळ करायला गेलं तरी चुकतं.

वन्संची सायकल पुसली. तेल घातलं. पुसताना पाहिलं, उजवी बाजू कोरी करकरीत आणि डाव्या मुठीचं रबर, डावा पायडल, डावीकडचा मडगार्ड, सगळं घासलेलं, पोचे आलेलं. मला लागून लागून झालं असेल म्हटलं, पण माझं हॅंडल पोचणार नाही अशा जागीही ओरखडे आहेत.

मंगळवार, ९ एप्रिल

पहारेकऱ्याकडे जाऊन सांगितलं, चूक माझी होती, पाववाल्यावरची मनाई उठवा. तो वहीत लिहिता लिहिता म्हणाला, "बाई, असं कुणी परत येऊन सांगत नाही." त्याने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. वाटलं नाही.

डॉक्टरांनी कानात दिवा धरून पाहिलं. उजवा गेला आहे, डावा ठणठणीत. फी दीडशे. देवाने एक ठेवला, त्याचे आभार. ठेवलेल्या कानाने मी आजवर काय ऐकलं, ते त्यानेच विचारावं.

बुधवार, १० एप्रिल

पाववाला पुलाशी भेटला. हात जोडले. तो लाजला. "जाऊ द्या हो. त्या बाई नव्हत्या ना, म्हणून झालं. तुमचा कान आणि त्यांचा डोळा, आम्ही सगळे सांभाळून घ्यायचो."

"कसला डोळा?"

"डावा! त्यांना डावीकडचं दिसत नाही ना. पुलावरून कुणी आलं की एकदम ब्रेक दाबायच्या. म्हणून तर तुम्हाला डाव्या हाताला घेऊन चालायच्या." मग माझ्या तोंडाकडे बघून थबकला. "आम्हाला वाटलं, दोघींनी ठरवूनच…"

घरी येऊन देवापुढे बसायच्या आधी पत्र लिहिलं. या वेळी एकही कागद फाडला नाही.

वन्सं, सायकल विकलेली नाही. तेल घातलं आहे. कान आणि डोळा, दोन्ही मला कळले. मी डावीकडे, तुम्ही उजवीकडे. हॅंडल लागलं तर लागू दे, वाट अडली तर अडू दे. मला एकटीला चालवता येत नाही. केव्हा येता, ते उलट टपाली कळवा.