पूर्वपक्ष

अमरावती, ९ जून १९६१

चि. अनुपमा हिस हरिहरकाकाचे अनेक आशीर्वाद.

अकोल्याच्या नर्सिंगच्या वर्गात तुझी निवड झाल्याचे कळले. तू माझे मत विचारलेस. हे शिक्षण तू घेऊ नयेस, एवढेच मी येथे सिद्ध करणार आहे.

शास्त्रात इतके गुण मिळवणाऱ्या मुलीने डॉक्टर व्हावे, डॉक्टरच्या हाताखाली उभे राहू नये. दुसरे, रात्रपाळी करणाऱ्या मुलीविषयी लोक बोलतात. ते खोटे असते. पण लग्नाच्या बोलण्यात पुरावा मागत कोणी बसत नाही. शिवाय परक्या रोग्यांची घाण काढण्याची हौस आणि तीन वर्षे ती काढण्याचा धीर या वेगळ्या गोष्टी आहेत.

यात कच्चा मुद्दा मला दिसत नाही. उत्तराची वाट पाहतो. माझ्यावरचा लोभ वाढता असू दे.

हरिहर

अकोला, २४ जुलै १९६१

ती. स्व. काकांस अनुपमाचा शि. सा. न. वि. वि.

उशिराबद्दल रागावू नये. तुमचे पत्र दादांनी फोडले आणि सर्वांना बसवून मोठ्याने वाचले. माझ्या थोरल्या भावाने, अण्णांनी निकाल दिला, आता बोलण्यासारखे काही उरले नाही, असे म्हणून दुसऱ्या दिवशी ते वर्गातून माझे नाव काढून आले.

ती जागा माझी मैत्रीण पंचफुला हिला मिळाली. तिने मलाच फैलावर घेतले, की काहून गप्प बसली, काकाले येवढी भेतं का! सुटीत जेवताना तुम्ही मुद्दाम उलटी बाजू घेऊन मला भांडायला लावत होता, हे तिला काय सांगू?

उत्तरे होती, काका. नागपूरला डॉक्टरीसाठी पाठवायला दादा तयार नाहीत. रात्रपाळीचे बोलणे खोटे असते हे तुम्हीच लिहिलेत, मग खोट्यापायी मी का थांबावे? आजीच्या दुखण्यात मी रात्री जागले, तिचे सगळे केले. तेव्हा तुम्हीच शाबासकी दिलीत.

काल पंचफुलाने माझ्या हातावर पट्टी बांधण्याचा सराव केला. सैल बांधली म्हणून मी तिला चिडवले. ती गेल्यावर मात्र पट्टी सोडवेना.

परतवाड्याच्या स्थळाला दादांनी होकार कळवला आहे. माणसे बरी आहेत. साखरपुड्याला यावे. माया आहे तशीच ठेवावी.

आपली,
अनुपमा

अमरावती, ३ ऑगस्ट १९६१

चि. अनुपमा हिस आशीर्वाद.

मी तुझ्या वडिलांना, नारायणला, तार केली. त्याचे उत्तर आले: जागा भरली आहे आणि दिलेला शब्द फिरवता येत नाही. दोन्ही म्हणणी बरोबर आहेत.

तुझी उत्तरे तपासली. माझा एकही मुद्दा टिकत नाही. ती जूनमध्ये आली असती तर मी हार लिहून दिली असती आणि नारायणला कळवले असते, की मुलीला जाऊ दे. ते मी आधीच ठरवले होते.

शास्त्रार्थात विरुद्ध पक्ष आधी पूर्ण ताकदीने मांडतात, तोच पूर्वपक्ष. तो खोडायला मी तुला शिकवले, नारायणला नाही. धाकट्या भावाने माझ्या शब्दाला आजवर उत्तर दिलेले नाही, आणि मला ते सोयीचे वाटत आले. तुझ्या नावाचे पाकीट तोच फोडणार, हेही मी जाणत होतो.

साखरपुड्याला येईन. तू रागावून भेटलीस तर ते न्याय्य होईल. हसून भेटलीस तर मला जड जाईल.

तू जावेस असे मला वाटत होते, आणि मी त्याविरुद्ध लिहिले. तुझी बाजू ऐकण्याआधी घरात तो निकाल ठरला. ही चूक माझी आहे.

सही,
हरिहर